आपलंच काम शे

कुठल्याही पायरीवर चढण्याआधी ते चपलेची टाच तिच्यावर दोनदा आपटायचे. आवाज भरीव आला की मान डोलवायचे आणि म्हणायचे, "आपलंच काम शे, ताई." पोकळ आला, तर ते काम हमखास दुसऱ्याचं. मूळचे नामपूरकडचे. नाशकात उभा जन्म काढून भाषा बरीच शहरी झाली होती, पण 'आहे'साठीचं ते अहिराणी 'शे' काही सुटलं नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. तसंही ते कधी कुठल्या बोर्डावर लागलं नाही, मग मीच कशाला लावू?

माझं एका सरकारी कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन टेंडरही भरून देते. कुठलं कार्यालय ते विचारू नका, तुमच्याकडचंही असंच असणार. तिथं काम मिळतं बड्या ठेकेदाराला आणि करतो त्याचा पेटी ठेकेदार, म्हणजे ज्याच्या हाताला खरोखर सिमेंट लागतं तो. हे गृहस्थ त्यातले.

बढाईखोर मात्र अस्सल. गावाकडचे पाहुणे आले की लोक त्यांना रामकुंडावर नेतात. हे स्वतः बसवलेली गटारांची झाकणं दाखवून आणायचे. चहा माझ्याकडचा प्यायचे आणि वर साखर कमी म्हणून नावं ठेवायचे.

एकदा नव्या जावयाला एका शाळेची भिंत दाखवायला घेऊन गेले. पोरगा शिकलेला. त्यानं शेजारचा बोर्ड वाचला आणि म्हणाला, "मामा, इथं तर दुसऱ्याचंच नाव हे." बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सासरेबुवा दुकानात आले. चहाला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, "ताई, एक टेंडर भरायचं शे. आपल्या नावानं."

नदीकाठच्या घाटाच्या पायऱ्यांचं काम निघालं होतं. मी भरून दिलं. दर उघडण्याआधी कागद तपासतात आणि तिथंच घोडं अडलं. असंच काम आधी केल्याचा दाखला लागतो. यांच्याकडे तो एकही नव्हता. आयुष्यभर बांधलं त्या सगळ्याचे दाखले बड्यांच्या नावावर. टेंडर बाद झालं. यांनी त्यावर हरकत घेतली, सुनावणी लागली. इंग्रजी वाचून सांगायला म्हणून मला सोबत नेलं.

"साहेब, तुम्ही रोज चढता ना, त्या ऑफिसच्या पायऱ्या आपलंच काम शे," ते म्हणाले.

"कागद आहे का?" साहेबांनी विचारलं.

ज्याच्या नावावर त्या पायऱ्या होत्या तो बडा ठेकेदार शेजारच्याच खुर्चीत बडीशेप चघळत बसला होता. घाटाच्या टेंडरमध्येही तोच होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो गोड हसला. "ओळखतो ना यांना. आमच्याकडे मजूर पुरवायचे."

मजूर पुरवायचे! हरकत फेटाळली गेली. आम्ही बाहेर पडलो, त्याच पायऱ्या उतरलो, पण त्यांनी टाच आपटली नाही.

काम अर्थातच बड्याच्या घशात गेलं. आठवडा होतो न होतो तोच त्याचा माणूस माझ्या दुकानात त्यांना शोधत हजर. हे तिथंच चहा पीत बसले होते. "पायऱ्या तुम्हीच करायच्या. शेठनी सांगितलंय." माझं डोकंच फिरलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी मी म्हटलं, "थुंका त्या शेठच्या तोंडावर."

"ताई, पेठ तालुक्यातून माणसं येऊन बसलीत कामाला. त्यांना काय सांगू?"

गेले. मला वाटलं, निदान काम तरी बिघडवतील. माझी तशी इच्छाच होती, लपवत नाही. तसं बोलूनही दाखवलं, तर माझ्यावरच उखडले. "पायरीनं काय वाकडं केलं आपलं?"

काम पुरं झाल्यावर मी बघायला गेले. वर बोर्ड लागला होता, शेठच्या नावाचा. मी मुद्दाम पायरीवर टाच आपटली. आवाज भरीव आला. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते वाक्य येईल म्हणून.

"शेठचं काम शे," ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. दहावा त्याच घाटावर झाला. आपल्याकडे दहाव्याला माईक असतोच, आणि बोलणारेही असतात. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले आणि खाली, आपल्याच नावाच्या बोर्डासमोर उभे राहून बोलले. "आमची सगळी कामं याच माणसाच्या हातची. आज तुम्ही बसलात त्या पायऱ्यासुद्धा त्यांच्याच. एवढा अनुभव नाशकात दुसऱ्या कुणाला नाही."

बायका डोळे पुसू लागल्या. जावई मान खाली घालून पायरीवरून हात फिरवत होता. मला रडू आलं नाही, संताप आला. बायकांमधून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शेठ, हे एवढं लिहून द्याल का?"

त्यांनी ऐकलं. माईक पुढच्या माणसाच्या हातात दिला आणि त्या पायऱ्या चढून ते गाडीकडे निघून गेले.