शाळा बघण्याचा कार्यक्रम

मोठ्या बाईंना लग्नाचं आमंत्रण गेलं की आमच्या गावातले काही आईबाप पोरांना घरी ठेवून मांडवात यायचे. कारण बाईंचं लक्ष नवरानवरीकडे कमी आणि मांडवात धावणाऱ्या पोरांकडे जास्त असायचं. एखादं पाच-सहा वर्षांचं पोर दिसलं की त्या त्याला दंडाला धरून थांबवत आणि म्हणत, "उजवा हात डोक्यावरून पलीकडे ने आणि डावा कान धर." कान हाताला लागला की पोर शाळेच्या वयाचं झालं. जन्माचे दाखले निघतात अशा काळात ही परीक्षा कशाला, असं कोणी म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार असे, "दाखला कपाटात राहतो. कान पोराजवळ राहतो."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, पुढे पडवी आणि शिक्षिकाही दोन, मोठ्या बाई आणि छोट्या बाई. मोठ्या बाई मूळच्या मुरबाडकडच्या, सिद्धगडाच्या पायथ्याच्या. नोकरीच्या सुरुवातीला त्या आमच्या गावात होत्या तेव्हा मी त्यांच्या वर्गात चौथीत होतो. पुढे त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि शेवटची काही वर्षं काढायला त्या पुन्हा आमच्याकडे आल्या. तोवर शाळेचा पट पार घसरला होता. रोज सकाळी भातसानगरच्या रस्त्याने एक पिवळी बस यायची आणि गावातली टाय लावलेली पोरं उचलून शहापूरला न्यायची. बाई निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं. पट आणखी खाली आला असता तर त्यांच्या मागे त्यांची जागा भरलीच नसती, आणि चारही वर्ग एकट्या छोट्या बाईंच्या गळ्यात पडले असते. "मी जाईन रे, मला जायचंच हाय," असं बाई भेटेल त्याला सांगत. "पण माझी खुर्ची नाय गेली पाहिजे."

आमच्या पोरीचा, तन्वीचा, कान त्यांनी माझ्या चुलतभावाच्या हळदीत तपासला. हात पोचला. बाई मला म्हणाल्या, "महेंद्रा, ही जूनमध्ये माझ्याकडे."

मी तेव्हा आसनगावच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये सुपरवायझर झालो होतो आणि ते अजून माझ्या डोक्यातून उतरलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, आम्ही सध्या ऑप्शन बघतोय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शाळा बघतोस का स्थळ?" एवढंच विचारलं आणि त्या दुसऱ्या पोराकडे वळल्या.

खरं सांगायचं तर ते स्थळ बघणंच होतं. मी, माझी बायको सुजाता आणि माझा मेहुणा असे आम्ही तिघं इस्त्रीच्या कपड्यांत निघायचो. मेहुणा कल्याणला राहतो म्हणून शिक्षणातलं त्याला जास्त कळतं, असं आमच्या घरात उगाच ठरलेलं होतं. एका शाळेच्या दारात सिमेंटचा जिराफ होता. तो बघून मेहुणा म्हणाला, "इन्फ्रास्ट्रक्चर चांगलंय." मीही मान डोलावली. जिराफाचा पोरीच्या अभ्यासाला काय उपयोग, हे विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. सुजाताने मात्र संडासात पाणी आहे का तेवढं जाऊन पाहिलं. नव्हतं. आम्ही तिला म्हटलं, तू निगेटिव्ह बोलू नकोस.

त्या जिराफवाल्या शाळेत आईवडिलांचीही मुलाखत होती. तिथल्या मॅडमनी इंग्रजीतून विचारलं, तुम्हाला आमचीच शाळा का हवी? माझं सगळं इंग्रजी कारखान्याच्या मेलवर पोसलेलं. मी घसा खाकरून म्हणालो, "ॲज पर डिस्कशन, काइंडली डू द नीडफुल." मॅडमनी विचारलं, डिस्कशन कोणाशी झालं? त्यावर मी "थँक्स अँड रिगार्ड्स" म्हणालो. मग त्यांनी तन्वीला जवळ घेऊन मराठीतच विचारलं, तुझे पप्पा काय करतात? तन्वीने खरं ते सांगितलं, "घोरतात."

तिथली फी ऐकून तर मी घरी येईपर्यंत मनात तिचे हप्ते पाडत होतो. मग मेहुण्याने मार्ग सुचवला. अशा शाळांत पंचवीस टक्के जागा सरकारच्या लॉटरीने मोफत भरतात, घराजवळच्या पोरांना पहिला मान. अर्ज मोबाइलवर. त्यात नकाशावर आपल्या घराच्या जागी खूण करायची असते. मी ती खूण फार काळजीपूर्वक केली. बोट जरा जाड, स्क्रीन जरा लहान, पण शाळेपासूनचं अंतर छान कमी दिसत होतं, म्हणून मी खूश. गंमत म्हणजे आमचा नंबरही लागला. मी पेढे वाटले. कागद तपासायला तालुक्याला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी नकाशा मोठा करून माझ्याकडे फिरवला आणि शांतपणे विचारलं, "तुमचं घर पाण्यात आहे का?" मी खूण केली होती ती भातसाच्या धरणात, काठापासून चांगली आत. सगळी मुंबई पिते त्या पाण्यात माझं घर होतं. अर्ज बाद झाला. मी घरी मात्र सांगितलं, दुसरी यादी लागणार आहे, वाट बघू.

शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला, भातलावणीच्या आवण्या सुरू झाल्या. दुसऱ्या यादीचं मी घरी आज-उद्यावर ढकलत राहिलो. माझी पहिली पाळी, म्हणजे मी घर सोडायचो तेव्हा तन्वी झोपेत आणि परत यायचो तेव्हा ती ओट्यावर खेळत. पण पोरगी हुशार होत चालली होती. कविता म्हणायची, बोटं मोडून वजाबाकी करायची. "हे कोणी शिकवलं?" असं विचारलं की म्हणायची, "बाईंनी." मला वाटायचं अंगणवाडीच्या बाई. कारखान्यात चहाच्या वेळेला मी छाती फुगवून सांगायचो की आमची पोरगी शाळेत न जाता सगळं आपलं आपण शिकते, माझ्यावर गेलीय.

शेवटी एक दिवस रजा टाकली आणि जिल्हा परिषदेची शाळाही एकदा रीतसर तपासून घ्यायची असं ठरवलं. मेहुण्याने फोनवर प्रश्न सांगितले होते, रिझल्ट किती, कॉम्प्युटर आहे का, इंग्रजी कधीपासून. निघताना आई भाताची रोपं खणायला चालली होती. मी कुठे चाललोय ते ऐकून ती तोंडाला पदर लावून पुढे गेली. मला वाटलं, पावसामुळे.

शाळेच्या पडवीत पाऊल टाकलं आणि माझं मत तिथेच बनलं. वाशांना तीन झोळ्या टांगलेल्या होत्या आणि तिन्हींत तान्ही पोरं. तिसरी-चौथीच्या मुली खाली बसून पाढे म्हणत होत्या आणि मधूनच उठून आपापल्या झोळीला झोका देत होत्या. एका झोळीची दोरी तर मोठ्या बाईंच्याच पायाच्या अंगठ्याला बांधलेली. तोंडाने सातचा पाढा आणि पायाने झोका, असं चाललेलं.

"बाई, ही शाळा आहे का पाळणाघर?" मी विचारलं.

"आवणीत दोन्ही," बाई म्हणाल्या. "आया शेतात, मग तान्ह्यांना कोण बघणार? ह्या मुलीच ना? म्हणजे ह्या महिनाभर घरी. मी सांगितलं, पोर घेऊन या, पण या. बस. काय विचारायचंय ते विचार, पण हळू. आता झोपलीत ती."

मी हळू आवाजात पहिला प्रश्न विचारला. "रिझल्ट काय आहे शाळेचा?"

बाईंचा अंगठा थांबला. "रिझल्ट? माझा रिझल्ट हा समोर उभा हाय, रेनकोट घालून. म्हणून तर मी कोणाला रिझल्ट दाखवत नाय."

सगळ्या मुली हसल्या. एक तान्हं जागं झालं. मी तरीही सुपरवायझरच्या आवाजात म्हणालो, "ठीक आहे, पहिलीचा वर्ग बघतो," आणि आतल्या खोलीत शिरलो. तिथे पुढच्या ओळीत, मांडीवर पाटी घेऊन, माझी मुलगी बसली होती. शाळेचा गणवेश, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या. तिने मान वर केली आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पप्पा, चपला बाहेर काढायच्या असतात."

मी चपला बाहेर काढल्या. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

घरी मी आवाज चढवून बघितला. सुजाता भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुमच्या दुसऱ्या यादीची वाट बघत पोरीला बांधावर बसवून ठेवू का?" आई तर सरळच बोलली, "मीच नेली तिला पहिल्या दिवशी. बाई विहाराच्या ओट्यावर मीटिंगला आली, मी हो बोलली. तुला इचारला असता तर तू मोबाइल काढला असतास." अख्ख्या गावाला माहीत होतं. पिवळ्या बसच्या ड्रायव्हरलाही माहीत होतं. आणि तन्वीने तर माझ्यापासून काही लपवलंच नव्हतं. ती रोज "बाईंनी सांगितलं" म्हणत होती, मीच ऐकत नव्हतो.

बाईंनी मला नंतर कधी टोमणा मारला नाही. त्यांनी मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं, म्हणजे पत्र्यावरचं गवत काढायला आणि पाण्याची टाकी धुवायला. त्यांची ही रीतच होती. जो शाळेबद्दल जास्त तक्रार करेल त्याच्या हातात त्या झाडू देत. तोंडानेही त्या फटकळच. एकदा रागावल्या की अर्धा दिवस बोलत नसत आणि पोरं इतकी शांत बसत की त्यांनाच करमेनासं होई. दिवाळीच्या सुट्टीत तन्वीने माझ्या शर्टाच्या खिशातली पुडी काढून आईसमोर मोठ्याने वाचली, "तं-बा-खू." मी पाच वर्षं लपवलेली गोष्ट तिने तीन अक्षरांत बाहेर काढली. शाळेचा दर्जा कसा आहे, हे मला त्यानंतर कोणाला विचारावं लागलं नाही.

त्या वर्षीचा पट मोजून झाला आणि काठावर का होईना, दोन्ही जागा राहिल्या. बाईंनी त्या आठवड्यात गावात एकही घर सोडलं नाही, सगळीकडे चहा प्यायल्या. मे महिन्यात त्यांचा निरोप समारंभ झाला. पडवीतच सतरंज्या टाकल्या होत्या. बायकांनी मिळून साडी घेतली होती. माजी विद्यार्थी आणि पालक म्हणून मला बोलायला उभं केलं. मी रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरलो आणि मनातलं एक गुपित बाहेर काढलं. म्हणालो, "पट मोजून झाल्यावर बाई आमच्या घरी आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, महेंद्रा, तुझ्या पोरीमुळे माझी खुर्ची राहिली. ती नसती तर गेली होती. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, पण आमच्या घराला याचा अभिमान आहे."

टाळ्यांची वाट बघत मी थांबलो. मागून पांडूकाका उठले. "ओ, थांब रे. ती माझ्या नातवामुळे राहिली. बाई माझ्या अंगणात बसून बोलली."

"काय बोलता काका?" कातकरवाडीची एक आई म्हणाली. "आमच्या सोनीमुळे राहिली. मला सांगितलं बाईंनी, शप्पथ."

मग एकेक करत सगळी पडवीच उठली. ज्याच्या त्याच्या पोरामुळे शाळा वाचली होती. हसण्याचा नुसता गलका झाला आणि सगळे बाईंकडे वळले. आता त्या पदराआड लपतील असं मला वाटलं. पण त्या ताठ उभ्या राहिल्या आणि वर्गात पोरांना गप्प करायच्या तशाच आवाजात म्हणाल्या, "मी कोणाला खोटं नाय सांगितलं. ह्यातलं कुठलंही एक पोर कमी असतं तर खुर्ची गेलीच होती. करा वजाबाकी."

आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात एकेक पोर वजा करून पाहिलं. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. बाईंचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

संध्याकाळी मीच त्यांना मोटरसायकलवर मुरबाडला सोडलं. वाटभर त्या भाताचे भाव आणि गुडघ्याचं दुखणं एवढंच बोलल्या. उतरल्यावर माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि जिना चढून गेल्या. परतीच्या वाटेवर मला फार एकटं वाटलं. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या खुर्चीवर परभणीकडचा एक नवीन शिक्षक आला. त्याला आवणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण झोळी बांधायला तो लवकर शिकला.

त्याच जूनमध्ये मेहुण्याने पुन्हा फोन केला. जिराफवाल्या शाळेत दुसरीत जागा होती आणि फीही कमी करून मिळणार होती. मी त्याला म्हणालो, नाही जमणार, आमची पोरगी काढली तर आमच्या शाळेतली शिक्षकाची एक जागाच जाईल. ही वजाबाकी कुठल्याही पोराची केली तरी उत्तर तेच येतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी आजही मनातून मला वाटतं की पांडूकाकांना आणि त्या सोनीच्या आईला बाई चांगुलपणाने तसं म्हणाल्या असतील, खरं ते फक्त मला सांगितलं. गावातल्या प्रत्येक घराला हेच वाटतं, आणि म्हणून आमच्या गावात अजून कोणी पोर शाळेतून काढत नाही.