साडूच्या दुकानातला भाव

माझ्या सासुरवाडीच्या गोतावळ्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. माझा धाकटा साडू त्याच्या दुकानात घरच्याच माणसांना लुटतो. लग्नात, बारशात, कोणाच्या घरी सहज चहाला बसलं तरी ही गोष्ट निघते आणि लोक हसतात. ती खोटी आहे. मी हे खात्रीनं सांगू शकतो, कारण ती माझ्याच तोंडून निघाली होती.

साडूचं दुकान शोभेच्या माशांचं. नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला, खाली दुकान आणि वर घर. दुकान नवीन होतं तेव्हा लोक आत डोकावून "रोहू आहे का?" म्हणून विचारायचे आणि तो न चिडता म्हणायचा, "आहे, पण हा पोहणारा आहे, तळायचा नाही." माणूस असा. मी निवृत्त झालो, रक्तदाब वाढला, आणि मुलीनं पुण्याहून फर्मान काढलं की बाबांच्या समोर माशांची टाकी ठेवा, बघत बसतील. टाकी अर्थातच साडूच्या दुकानातून आली. त्यानं ती स्वतः आणून बसवली, खाली खडे पसरले, पाणी दोन दिवस तसंच मुरू दिलं आणि मग मासे सोडले.

आता इथं जावईपणाचा मुद्दा येतो. मी सासऱ्यांचा मोठा जावई. आमच्याकडे मोठा जावई हे एक पद आहे, त्याला पगार नाही पण तोरा आहे. टाकीचे पैसे द्यायला मी दुकानात गेलो तेव्हा साडू हात जोडून म्हणाला, "तुमच्याकडून काय घ्यायचं, साडभाऊ?" हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हा आपल्याला फुकट्या समजतो. मी नोटा काउंटरवर ठेवल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मोठ्या जावयाले देऊन राहिले का दान? जो भाव असन तो घ्या."

बिचाऱ्यानं त्यानंतर कधी कमी केला नाही.

त्याच्या दुकानात कशावरही किंमत लिहिलेली नसे. तो तोंडी भाव सांगायचा आणि मग जरा थांबायचा. इतवारीच्या ठोक बाजारातून माल घेऊन येणारा माणूस तो, त्याला ठाऊक की गिऱ्हाईक आता काहीतरी म्हणणार. गिऱ्हाईक म्हणायचंच. मग दोघं मिळून कुठंतरी खाली उतरायचे, आणि ज्या आकड्यावर उतरायचे तोच खरा भाव. मला पाहून तो गादीची खुर्ची पुढं करायचा, चहा मागवायचा, भाव सांगायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात माझ्यासाठी जागा ठेवलेली असायची. मी मात्र लगेच पाकीट काढायचो. मोठा जावई घासाघीस करतो का कुठं? तो नोटा घेताना थोडा खाली बघायचा. मला तेव्हा वाटायचं, आदरानं बघतोय.

मग पिशवीत तो एखादं खाण्याचं पाकीट टाकायचा. महिन्याकाठी घरी येऊन शर्टाच्या बाह्या वर करून टाकी धुवायचा. मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे नळातूनही चहाचं पाणी येतं, तेव्हा भर दुपारी त्याचा फोन यायचा, "साडभाऊ, टाकीत बर्फाची बाटली सोडली का? मासे उकडून राहिले असतील." मी हे सगळं जावयाचा मान म्हणून जमा करून घेत गेलो.

एकदा मुलगी आली असताना टाकीचा फिल्टर बिघडला. मी साडूकडून नवा आणला, चौदाशेला. मुलीनं मोबाइलवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, हाच फिल्टर इथं साडेनऊशेला आहे." मी चष्मा लावून पाहिलं. तोच डबा, तेच चित्र, तीच कंपनी. त्या ऑनलाइन दुकानाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मग मी एकेक वस्तू काढून पाहू लागलो. खाणं, जाळी, दिवा, हवेचा पंप. प्रत्येक वस्तू साडूपेक्षा स्वस्त. रक्तदाबासाठी आणलेल्या माशांनी माझा रक्तदाब कुठं नेला असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

मी साडूला फोन करून विचारू शकत होतो. पण भाव विचारणं हेही मोठ्या जावयाला शोभत नाही. मी वेगळी जागा निवडली.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, असतात. जेवणाला दोन्हीकडचे लोक येतात, आणि माझी साळी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, सकाळपासून येऊन आंबील, पुरण, भाज्या यांत राबते. त्या वर्षी पंगत बसली होती. साडू माझ्या समोरच्या पाटावर. कोणीतरी टाकीचं कौतुक केलं आणि मी खिशातून मोबाइल काढला.

"कौतुक करा, पण भाव पण ऐका," मी म्हणालो. "सख्ख्या साडूकडून चौदाशे. आणि हे पाहा, हे कोण कुठले लोक, ओळख ना पाळख, साडेनऊशेत घरपोच. याले म्हणतात प्रामाणिक दुकान."

पंगत हसली. खाप्याहून आलेले माझे मावससासरे मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे साडूच साडूले लुटून राहिला गा!" आणि मग काय, हसण्याला भरतीच आली. मोबाइल पानांवरून हातोहात साडूकडे गेला. त्यानं चष्मा वर करून तो पडदा नीट पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मोबाइल परत देत म्हणाला, "चांगलं दुकान दिसते. घ्या न मग तिकडूनच. खात्रीचं वाटते."

साळी कढी वाढत होती. ती माझ्या पानापर्यंत आलीच नाही, मधूनच वळून आत गेली. मला त्या दिवशी कढी मिळाली नाही, आणि मी ती मागितलीही नाही.

यानंतर मी जिद्दीनं ऑनलाइनच घेऊ लागलो. पहिलं पार्सल दुसऱ्याच दिवशी आलं. मी भेटेल त्याला सांगू लागलो की पाहा, बंगलोरची कंपनी आणि एका दिवसात माल नागपुरात. बंगलोर मी कुठून काढलं ते मलाही सांगता येणार नाही. इंग्रजी नाव म्हणजे बंगलोर, असं डोक्यात बसलं होतं.

तिसऱ्या पार्सलातला पंप घरघर करू लागला म्हणून मी डब्यावरच्या नंबरवर फोन लावला. कारकुनी आयुष्यात कमावलेल्या आवाजात तक्रार सांगू लागलो. पलीकडे एक मुलगी होती. तिनं सगळी तक्रार ऐकून घेतली. मग हळूच म्हणाली, "काकाजी, तुम्ही आहात न?"

ती साडूची सून होती.

ऑनलाइन दुकान त्यांचंच होतं. सुनेनं सुरू केलं होतं. जम बसला तर नातेवाइकांत सांगू, नाही बसला तर गुपचूप बंद करू, असं ठरलं होतं. खाली दुकानात जो माल होता तोच वर खोलीत डब्यांत भरला जात होता.

"मग भाव वेगळा काहून गं?" मी विचारलं.

"वेगळा नाहीये, काकाजी. फोनवर कोणी घासाघीस करत नाही न, म्हणून बाबा आधीच शेवटचा भाव टाकतात. दुकानात पण सगळे याच भावात नेतात. फक्त तुम्हीच..." आणि ती थांबली. सासऱ्यासारखीच थांबली.

मग तिनं सांगितलं की माझं नाव पाहून प्रत्येक ऑर्डर बाबांनी स्वतःच्या हातानं भरली होती. पंगतीत मोबाइल हातात आला तेव्हाच त्यांनी आपलं दुकान ओळखलं होतं. "मी म्हटलं, सांगून टाका न सगळ्यांसमोर. तर म्हणाले, साडभाऊंच्या घरची पंगत होती, त्यांचंच हसं झालं असतं. आईंना पण सांगितलं नाही. आईंना कळलं तर त्या तडक तुमच्याकडं येतील."

पंप बदलून मिळाला. मी गप्प बसलो. एवढंच खरं की गप्प बसलो. रोज वाटायचं, उद्या सांगू. पण तोवर मावससासऱ्यांचं वाक्य गावोगाव पोचलं होतं, आणि ते खोडायचं तर आधी स्वतःला मूर्ख म्हणवून घेणं भाग होतं. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना साडू एकटाच आला, जेवला, हसला, गेला. साळीनं गुडघ्याचं कारण सांगितलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मी टाकीकडे.

यंदा बायकोनं बहिणीला आमंत्रणाचा फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आम्ही लुटारू माणसं वं बाई. घरात घेशील, अन् भांडी मोजत बसशील."

बायकोनं फोन ठेवला. तिची आई गेल्यापासून या दोघी एकमेकींचं माहेर आहेत. ती म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्या बाजूच्या पानावर कोण बसलं ते मला आठवतही नाही." आणि ती सोळा भाज्यांची यादी माझ्या हातात देऊन आत गेली. मला वाटतं, ती रागावली असती तर मी अजून एक वर्ष काढलं असतं.

मी आत जाऊन सगळं सांगितलं. बंगलोरसकट. ती ऐकत राहिली, आणि शेवटी जे म्हणाली त्याची माझी तयारी नव्हती.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही भावच केला नाही?"

"नाही."

"मी इथं सांबाराच्या एका जुडीसाठी भाजीवालीशी भांडून राहिली, अन् तुम्ही तिकडं सांगेल तो आकडा देऊन राहिले?" ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. म्हणाली, "आधी तिच्याकडं जा."

रविवार होता, दुकानात गर्दी. साडूनं खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. एका हवेच्या पंपाकडे बोट दाखवून विचारलं, "कितीले?"

"सहाशे," तो म्हणाला, आणि सवयीनं थांबला.

"तीनशे."

त्याला ऐकू आलं नसावं असं वाटलं. "काय म्हणता, साडभाऊ?"

"तीनशे म्हणून राहिलो. द्यायचा तर द्या."

"तब्येत बरी आहे न तुमची?" तो घाबरलाच. मग माझ्या तोंडाकडे पाहता पाहता त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तीनशेत तर याची नळी नाही येत. साडेपाचशे."

"साडेतीनशे. समोरचा तीनशेत देते."

"समोर दवाखाना आहे!"

गिऱ्हाइकं आमच्याकडे वळून पाहू लागली. आम्ही दोघं चारशेवर आलो तेव्हा माझ्या कपाळाला घाम होता आणि तो मनापासून खूश होता. म्हणाला, "इतकी वर्षं वाट पाहून राहिलो, तुम्ही काही म्हणाल म्हणून." मी म्हणालो, "मले सुनेनं सांगितलं होतं. कधीचंच." तो म्हणाला, "मले माहीत आहे."

साळी जिन्यावर उभी होती. आवाज ऐकून खाली आली होती. तिच्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर मी पुन्हा सगळं सांगितलं. आपल्या नवऱ्यानंही हे आपल्यापासून लपवलं, हे कळल्यावर तिनं आधी त्याच्याकडे असं पाहिलं की तो माशांना खाणं टाकू लागला. मग माझ्याकडे वळली.

"भाऊजी, इथं सांगून काय उपयोग? हे लोक मासे न्यायला आले. पंगतीत सांगा. जितक्या मोठ्यानं तेव्हा बोलले, तितक्याच मोठ्यानं."

मी सांगितलं. उभं राहून, आंबिलीची वाटी हातात घेऊन सांगितलं. लोक तेव्हापेक्षा जास्त हसले, आणि या वेळी माझ्यावर हसले, हे योग्यच झालं. साळी बायकोच्या बाजूच्या पानावर बसली होती. दोघी एकमेकींच्या कानाला लागून जे काही बोलत होत्या ते माझ्याबद्दल होतं, आणि चांगलं नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण मावससासरे यंदा खाप्याहून येऊ शकले नव्हते. परवा त्यांचा फोन आला. साडू तेव्हा माझ्याच घरी, कोपरापर्यंत हात टाकीत घालून काच घासत होता. मी फोनचा स्पीकर लावला.

"नातवाले माशांची टाकी घ्यायची आहे," ते म्हणाले. "ते तुमचं बंगलोरचं दुकान सांगा. साडूकडून नको. तो लुटते."

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. चौदाशे, साडेनऊशे, सून, पंप, चूक माझी. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "जावई, तुम्ही मोठे. तुम्ही असं सांभाळूनच घ्याल. मनाचा मोठेपणा आहे तुमचा." आणि फोन ठेवला.

साडू इतका हसला की टाकीतलं पाणी जमिनीवर सांडलं. म्हणाला, "राहू द्या, साडभाऊ. नाही पटत त्याहिले."

मला राहू द्यायचं नाही. म्हणून हे लिहिलं आहे, आणि छापून आल्यावर याची एक प्रत खाप्याला पाठवणार आहे.