आबांची बुटकी गाडी

आबांना गाडीवर टांग मारता येत नव्हती. गोष्ट एवढीच. पण या एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या घरात वर्षभर कुणाला दुसरं काही सुचलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. खळ्यात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, चार महिने लोखंडी पलंगावर गेले. मग काठी घेऊन घरातल्या घरात फिरायला लागले, पण पाय वर उचलायचा म्हटलं की कळ थेट मस्तकात. आमचं शेत सोनगीरच्या अलीकडे, गावामागून पांधीच्या, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेनं किलोमीटरभर. चाळीस वर्षं हा माणूस सकाळचा चहा पिऊन शेतात गेला. तो आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "मळाकडे जाई राहिना का रे भो?" पहिला महिना लोकांनी नेलं. मग तेच लोक आमच्या ओट्यासमोर आले की मोबाइलात बघायला लागले. मला कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. पण कुणाला बोलणार? मी स्वतः कुठे होतो? मी जळगावला, पाइपच्या कारखान्यात फिटर. सुटीच्या आदल्या दिवशी बसनं घरी यायचं आणि सुटी संपली की पहाटे परत.

घरी आलो की तिथेच ठेवलेल्या माझ्या मोटरसायकलवर मागे बसवून त्यांना न्यायचो. बसवताना त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून सीटच्या पलीकडे टाकायचो, पोतं टाकावं तसा. गल्ली बघत असायची. तिसऱ्या खेपेला आबा म्हणाले, "बस. आते माले कोना मांगे बसनं नही."

एका नातलगाची स्कूटी आणून पाहिली. पाय टेकेनात, गाडी वजनानं कलली, दोघं पडता पडता वाचलो. तीनचाकी पांधीत शिरत नाही. मग म्हटलं, आपणच बनवू की! एवढी वीस वर्षं लोकांची मशिनं दुरुस्त केली ती काय झक मारायला? बुटकी गाडी. ओट्यावर बसावं तसं बसायचं, दोन्ही पाय जमिनीला, मधली दांडी इतकी खाली की पाय घासतच पलीकडे जावा. कुणाला हाक मारायची नाही, कुणाच्या मागे बसायचं नाही.

सांगाड्याला पाइप हवे होते. आबांनी काठीनं पलंग दाखवला. "हाऊ काप. माले परत त्यावर पडनं नही." कापला. चाकं हातगाडीची, चेन जळगावच्या भंगार बाजारातली. इंजिन आमच्याच जुन्या फवारणी पंपाचं. रेस दिली की आपोआप पकडणारा क्लच लावला, म्हणजे गिअरची भानगड नाही. सगळी मापं आबांच्या अंगावर घेतली, गुडघ्यापासून जमीन किती, कोपरापासून हँडल किती, खडूनं ओट्यावर लिहून ठेवलं. पहिला सांगाडा वाकडा झाला. मी वेल्डिंग मशीनला शिव्या घालत होतो, नाचता येईना अंगण वाकडं. आबा शेजारी खुर्चीवर काटकोन तपासायचा गुण्या धरून बसलेले. म्हणाले, "मशीन बराबर शे. तू घाई करी राहिना." सगळा हिवाळा असा गेला. आबा माझ्याशी आयुष्यात एवढं बोलले नव्हते, आणि मला त्याचं भारी सुख वाटायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी बाहेर काढली. निंबाखाली पत्ते कुटणारे लोक पत्ते पालथे ठेवून बघायला आले. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आबा बसले. पाय घासत पलीकडे गेला, बरोब्बर मापात! त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "वढ."

मी इंजिन चालू करायची दोरी ओढली. इंजिन लागलं. आबा गेले. एकटे गेले. तासाभरानं खिशात दोन कैऱ्या घेऊन आले आणि त्या आईच्या हातात दिल्या. मी दिवसभर छाती काढून फिरलो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना फोन आला. आबा म्हणाले, "चालू व्हत नही."

चोक बघितला का? पेट्रोलचा कॉक? सगळं झालं होतं. मग मी ओरडायलाच लागलो, "अहो जोरात ओढा ना आबा! झटका द्या झटका!" आजूबाजूची मशिनं चालू होती, तरी चार जणांनी वळून पाहिलं. पलीकडे आईनं फोन घेतला. "त्यास्ना हात वर जात नही. दोन वरीसपासून खांदा धरेल शे. सदरा मीच घालस ना रोज."

"मग सांगायचं ना!"

"तू कधी इचारं का?"

घोडं पेंड खात होतं ते इथे. आमच्या घरी इंजिनची दोरी आबांनी कधी ओढलीच नव्हती. विहिरीवरचा पंप असो की फवारणीचा, आबा बोट वर करणार, 'वढ' म्हणणार, आणि लहानपणापासून ओढणारा मी. दोरी ओढणं हे काम आहे, ते कुणाला तरी करावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गुडघा मोजला, कोपर मोजलं. खांदा कुठे मोजला मी?

धरलेला खांदा उजवा, म्हणून पुढच्या सुटीला दोरी डावीकडे फिरवली. डाव्या हातानं हिसका दिला की खुब्यातून कळ. किक लावावी तर पाय नाही. बटण स्टार्टर त्या इंजिनला बसत नाही. दुसरं इंजिन घ्यायचं तर दुसरा सांगाडा, सगळं पहिल्यापासून. मी गाडीसमोर पाना घेऊन नुसता बसून राहिलो. काही म्हणजे काही सुचेना. रडायलाच आलं.

शेवटी दोरी आईनं धरली. जिनं जन्मात सायकलला हात लावला नाही, तिनं पदर खोचून, सांगाड्यावर पाय रोवून तिसऱ्या दिवशी इंजिन लावलं. ती ओढत असताना आबा दुसरीकडे बघत बसायचे.

पण शेतात कोण ओढणार? म्हणून आबा गाडी बंदच करायचे नाहीत. बांधावर गाडी फटफटत उभी, शेजारी आबा बसलेले, समोर कपाशी. लोक चिडवायचे, "आबा, तुमना शेतमा आते पाखरू बी उतरत नही!" इंजिनचा तो आवाज घरापर्यंत यायचा. आईचा एक कान कायम तिकडे. माझ्याशी फोनवर बोलतानाही मध्येच थांबायची, ऐकायची, "शे, चालू शे," म्हणायची आणि पुढे बोलायची.

कपाशीला बोंडं धरली होती तेव्हाची गोष्ट. मी घरीच होतो, जेवत होतो. आवाज थांबला. आईच्या हातातली भाकरी परातीत पडली आणि ती उठून पळालीच. "अगं, पेट्रोल संपलं असेल!" मी ओरडलो, पण ती पांधीला लागली होती. पासष्ट वर्षांची बाई पळत होती आणि मला तिला गाठता येईना.

आबा बांधावर बसलेले होते, धडधाकट. लांबूनच म्हणाले, "आठेच शे मी. पेट्रोल सरनं." मग त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "तुन्या चपला कोठे शेतस?"

आईला धाप लागली होती. ती तिथंच मातीत बसली. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, रक्त येत होतं. आबांना वाकता येत नव्हतं. मी काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दोरी हातात घेतली तर आबा म्हणाले, "राहू दे." मी समजावलं, भांडलो, टाकी मोठी करून देतो म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यानंतर ते शेतात गेले नाहीत. शेत चुलतभावाला वाट्यानं दिलं.

गाडी ओट्याशेजारी उभी आहे. इंजिन जाम होऊ नये म्हणून मी सुटीला आलो की पाच मिनिटं चालू करतो. गेल्या खेपेला केली, आबा समोर खुर्चीवर बसून बघत होते. मग बंद केली. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनी आई दारात आली.

आबांनी मागे वळून पाहिलं नाही. काठी थोडी वर केली आणि म्हणाले, "शे मी. आठेच शे."

आई आत गेली. मी गाडीवर गोणपाट टाकलं.