वाजवून घेतलेला पाव

दिवसाची पहिली भट्टी विकायची नाही, असा मोठीचा नेम होता. पहाटे निघालेला पहिला पाव मागच्या गल्लीतल्या खिडकीतून फुकट जायचा. उरलंसुरलं, शिळंपाकं नाही हं, ताजा, हात भाजेल असा! ओळखीचे दुकानदार चिडवायचे, "बाई, धंदा करताय की धर्मशाळा चालवताय?" मोठी म्हणायची, "दोन्ही करते. तुम्हाला एकही धड जमेना, त्याला मी काय करू?" आणि खरंच, कुणाची काय बिशाद होती बोलायची? एका खोलीतल्या भट्टीपासून सुरुवात करून तिनं तीन दुकानं उभी केली होती. कामाला सगळ्या बायकाच, आणि त्याही घरातून टाकलेल्या, नवरा गेलेल्या, कुणी दारात उभं न केलेल्या. एकेकीला तिनं हाताला धरून मळायला शिकवलं होतं.

तिला मोठी म्हणायचे, कारण एक धाकटी होती.

दोघी लहान असताना बाप गेला. आई लोकांच्या घरची धुणीभांडी करायची, पण तेवढ्यानं पोटं भरेनात, म्हणून दोघींना एका मोठ्या घराच्या दारात पाठवायची. तिथं गरिबांना जेवण मिळायचं. वाढणारी बाई प्रत्येक पोराची हनुवटी धरून तोंड वर करायची, नाव विचारायची, बाप काय करतो ते विचारायची, आणि मग वाढायची. मोठी सगळं सांगून टाकायची, भुकेला कसली आलीय लाज! धाकटी मात्र एकदाच गेली. परत पाऊल टाकलं नाही तिनं त्या दारात. उपाशी झोपायची, पण हनुवटी काही कुणाच्या हातात दिली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. अहो, म्हणणाऱ्यांचं काय जातंय? ज्याला रोज ताकाला जावं लागतं त्याला विचारा.

पुढं दोघींनी मिळून भट्टी घातली तेव्हा फुकट पावाची कल्पना मोठीची, पण खिडकी धाकटीची. तिनं गवंड्याला कमरेएवढ्या उंचीवर भिंत फोडायला लावली. आत एक फळी बसवली. आतून बघितलं तर बाहेरच्याचे फक्त हात दिसायचे, बाकी काही नाही. "द्यायचं असेल तर तोंड न बघता दे ताई, नाहीतर देऊ नकोस," ती म्हणाली होती. मोठीला ते पटलं होतं.

आणि एवढ्या समजूतदार बहिणी तुटल्या कशावरून? एका वाक्यावरून. दुसरं दुकान निघालं त्या दिवशी सगळी भट्टी करपली. धाकटी सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "मी सांगत होते, आच जास्त आहे, ऐकलं नाहीस." मोठी दमलेली, घामाघूम झालेली. जिभेला काय हाड असतं? "माझ्या जिवावर खातेस आणि वर मलाच शिकवतेस?" बोलून गेली. धाकटीनं एप्रन सोडला, नीट घडी घालून टेबलावर ठेवला, "बरं," म्हणाली आणि आपल्या घरी निघून गेली. मी मोठी, मी कशी जाऊ, असं म्हणत मोठीनं दिवस घालवले. शेवटी गेली तेव्हा घराला कुलूप होतं. ट्रक चालवणाऱ्या नवऱ्याबरोबर ती कुठल्या गावी गेली, कुणालाच सांगता येईना.

वर्षं गेली. मोठीचे केस पिकले. आणि एका थंडीत, पहाटे, खिडकीत एक हात आला.

हाताकडे बघून काही कळलं नाही तिला. वाळलेला, शिरा दिसणारा हात, तसे तर रोजच येत होते. पण त्या हातानं पाव घेतला, उलटा केला आणि वाकडं बोट करून त्याच्या बुडावर दोनदा वाजवलं. टक टक.

फुकटचा पाव कधी कुणी वाजवून घेतं का? पाव आतून भाजलाय की नाही, हे बुडावर वाजवून बघतात. पोकळ आवाज आला तर झाला. पण हे भट्टीवर हयात घालवलेल्या माणसाचं काम आहे. आणि ही दोन ठोक्यांची घाई, पहिला ठोका हलका आणि दुसरा जोरात, ती तर एकाच माणसाची होती. हात पाव घेऊन गेला.

कणीक मळणारी मावशी पहिल्या दिवसापासूनची. तिनंही ऐकलं होतं. ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "बाई, वाकू नका."

"माझी बहीण आहे ती!"

"म्हणूनच म्हणते. तुम्ही काय बोलला होता, मी होते तिथं. आता ती तुमचंच खायला आलीय. तोंड दाखवेल होय?"

मोठी वाकली नाही. पण दुसऱ्या पहाटे हात आला, पाव वाजला, आणि तिनं फळीच्या आतल्या बाजूला बोटानं दोनदा वाजवलं. टक टक. बाहेर हात थांबला. थोडा वेळ तसाच राहिला. मग गेला.

त्यानंतर रोज. ती पाव वाजवायची, ही फळी वाजवायची. बस्, एवढंच. पण मोठीची चालच बदलली. मावशी म्हणायची, "बाई, या वयात पहाटे नटायला लागलात, कुणाशी सूत जुळलंय?" मोठी हसायची. धाकटीच्या पावाखाली लोण्याची वडी ठेवायची, एकदा लोकरीचे मोजे ठेवले. हात सगळं घ्यायचा. दोघींचं मजेत चाललं होतं म्हणा ना.

मग खोकला सुरू झाला. आधी साधा, मग खोल, छातीच्या तळातून येणारा. मोठीनं औषधाची बाटली ठेवली, तीही गेली, पण खोकला गेला नाही. पाव धरताना हात थरथरायला लागला. त्याच सुमाराला व्यापारी संघाचं पत्र आलं: धंदा आणि समाजसेवा दोन्ही सांभाळणाऱ्या उद्योजिकेचा सत्कार करायचा आहे, घरच्यांना घेऊन या. मोठीनं मावशीला सांगितलं, "ती शेजारी बसल्याशिवाय मी हार घालून घेणार नाही. आणि आधी डॉक्टरकडे नेते तिला. अशी खोकून खोकून मरू देऊ का?"

"मला पाठवा की गल्लीत. हळूच मागनं जाऊन घर बघून येते."

ऐकायचं होतं! पण खोकला हे निमित्त झालं, खरं सांगायचं तर मोठीला माफी हवी होती, तोंडावर, शब्दात, आणि आत्ताच. ते दोन ठोके तिला पुरेनात.

त्या पहाटे हात आला. पाव वाजला. मोठी गुडघे टेकून खाली वाकली आणि खिडकीतून बघितलं.

शालीत गुंडाळलेला चेहरा, गालफडं बसलेली, डोळे तेच. मोठीनं हात धरला. "धाकटे, घरी चल."

धाकटीनं हनुवटी वळवली. हळूच हात सोडवून घेतला, पाव फळीवर परत ठेवला, सरळ करून, आणि गेली. मोठी पुढच्या दारानं वळसा घालून गल्लीत पोचेपर्यंत तिथं नुसती रांग उभी होती. मोठीला बघून रांगेतल्या बायकांनी पदर, शाली पुढं ओढल्या.

पुन्हा तो हात आला नाही. मोठीनं गल्ल्या पालथ्या घातल्या, दारं ठोठावली. मावशी तिच्याबरोबर हिंडली आणि "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. शेवटी एका पहाटे खिडकीत हात नाही, चेहरा आला. एक अनोळखी बाई आपण होऊन वाकली होती. "ती खोकणारी तुमची कोण? सरकारी दवाखान्यात आहे. एकटीच आहे हो, नवरा गेला तिचा मागंच."

मोठी पहिल्या भट्टीचा पाव फडक्यात बांधून गेली. मोठ्या लांब वॉर्डात, भिंतीकडच्या खाटेवर धाकटी होती, उशीएवढी उरलेली. तिनं डोळे उघडले. या वेळी हनुवटी वळवली नाही. तेवढीही ताकद नव्हती तिच्यात.

"का ग वाकलीस ताई?"

"खोकत होतीस ग."

"बोलत होतो की आपण रोज. मी तुझ्याशी बोलायलाच यायचे. पाव काय, कुठंही मिळाला असता."

"मी तुला त्या दिवशी जे बोलले…"

"ते कधीच संपलं होतं. तू फळी वाजवलीस ना, तेव्हाच." ती खोकली, पुष्कळ वेळ खोकली. "इतकी वर्षं लोकांची तोंडं बघितली नाहीस. माझंच बघायचं होतं का ग?"

मोठीनं फडकं सोडलं, पाव धाकटीच्या हातात दिला. धाकटीनं तो उलटा करायचा प्रयत्न केला, जमेना. मोठीनं तिचं बोट धरून बुडावर टेकवलं. आवाज असा आलाच नाही.

"झालाय का ग?" मोठीनं विचारलं.

"आतून कच्चा आहे," धाकटी म्हणाली. "घाई केलीस." आणि हसली जराशी. त्याच आठवड्यात ती गेली.

सत्काराला मोठी जाणार नव्हती. मावशीनंच नेली, "बायकांना बरं वाटेल," म्हणून. मोठ्या हॉलमध्ये तिच्या तिन्ही दुकानांतल्या बायका पुढच्या रांगांत बसल्या होत्या. मोठीच्या शेजारची खुर्ची घरच्यांसाठी ठेवलेली, ती तशीच रिकामी राहिली. एका गृहस्थांनी मानपत्र वाचलं: यशस्वी उद्योजिका, अनाथांचा आधार, आणि सर्वांत थोर गोष्ट म्हणजे घेणाऱ्याचं तोंड ज्यांनी कधीही बघितलं नाही अशा दानशूर. मग माइक तिच्यापुढे केला.

मोठी उभी राहिली.

"एकदा बघितलं मी," ती म्हणाली.

लोकांना वाटलं, बाईंचा विनय. हॉलभर टाळ्या वाजल्या. एकट्या मावशीनं वाजवल्या नाहीत, ती पदर तोंडात धरून बसली होती.