पहिला फूट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवते, हे कुणी न विचारताही सांगते. तरी घरच्या कुठल्या निर्णयात माझं मत कुणी घेतलं नव्हतं. म्हणून धाकटा भाऊ बिलोलीहून येऊन म्हणाला, "अक्का, एक जुनी इलेक्ट्रिक गाडी बघितलीय, लई पळते. तू हाव म्हणलीस तरच घेतो," तेव्हा मी लगेच रजा टाकली.

रेणापूरकडं एक नवा रस्ता तयार होता, वाहतूक सुरू व्हायची होती. विकणाऱ्यानं तिथं पाव मैल, म्हणजे सुमारे चारशे मीटर, चुन्यानं आखून ठेवला होता. तो गाडी घेऊन सुटला. गाडीतल्या पडद्यावर बारा सेकंद. माझ्या हातातल्या स्टॉपवॉचमध्ये त्याहून थोडे जास्त.

"मॅडम, तुमचा अंगठा उशिरा पडला."

तीनदा पळवली, तिन्ही वेळा तेवढाच फरक. मग मला सगळंच खटकायला लागलं. बॅटरी काठोकाठ भरूनच का आणली? दर वेळी गाडी वळवून त्याच टोकाला का नेतोय?

"आता उलट दिशेनं, त्या टोकाकडून पळवा," मी म्हणाले.

"रस्ता तोच, गाडी तीच, मॅडम."

"मग वेळ पण तीच येऊ द्या."

आली नाही. सेकंदभर जास्त लागला.

"उतार हाय, अक्का," भाऊ म्हणाला. "पाणी सोडलं तर इकडंच येईल. मला वाटलं, तुला दिसला असंल."

मला दिसला नव्हता.

"आणि पडद्याचं काय?" मी विचारलं.

विकणारा हसला. "वेळ मोजताना पहिला एक फूट धरत नसतात, त्यानंतर घड्याळ सुरू होतं. सेटिंगच तशी असते."

"शंकरपटाच्या शर्यतीत बैलाचं पहिलं पाऊल सोडून देतेत का?" भाऊ म्हणाला.

सेटिंगचं खरं होतं, मी नंतर तपासलं. पण मला आधी का सांगितलं नाही? भरल्या बॅटरीवर गाडी जोमातच सुटते, चार्ज उतरला की तिचं वय कळतं.

"अर्ध्या चार्जवर दाखवा. आम्ही थांबतो."

"दुसरं गिऱ्हाईक यायचंय."

भावानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," मी म्हणाले.

परतताना मोटारसायकल तो चालवत होता. रेणापूर आल्यावर मान न वळवता म्हणाला, "पण पळत होती गं."

"पळत होती," मी म्हणाले.