जुन्या डिस्कमधलं गवत

माझी बायको लग्नाआधी नाशिकला वनस्पतिशास्त्रात एम.फिल. करत होती. विषय होता डोंगरावरची गवतं. शेवटचं प्रकरण राहिलेलं असताना आमचं लग्न ठरलं, कुवेतचा व्हिसा आला आणि मी सहज म्हणून गेलो, "तिकडे बसून पूर्ण कर की." तिकडे आल्यावर माझ्या शिफ्ट, मग मुलगी, मग तिची शाळेतली नोकरी. चौदा वर्षं झाली. ती कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

यंदाच्या सुट्टीत तिच्या माहेरचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला. मेहुण्याने त्यातली हार्ड डिस्क काढून, रुमालात गुंडाळून तिला दिली. "ताई, बघ, काही निघतंय का." कुवेतला, अबू हलीफातल्या आमच्या घरी परतल्यावर डिस्क महिनाभर कपाटात साड्यांखाली पडून होती. एका शुक्रवारी सकाळी मीच ती बाहेर काढली.

मी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनीअर. घरच्या कॉम्प्युटरला एक डिस्क जोडायची, त्यात काय एवढं, असं वाटलं. जोडली, बटण दाबलं. स्क्रीन क्षणभर निळी झाली आणि मशीन बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झालं. पुन्हा निळी, पुन्हा बंद. पाच-सहा वेळा तेच. शेवटी वैतागून जुनी डिस्क ओढून काढली. तर आता स्क्रीन काळी ठिक्कर, आणि त्यावर एकच ओळ : सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही.

मुलगी मागे येऊन उभी होती. "बाबा, माय प्रोजेक्ट इज इन देअर. संडेला सबमिट करायचाय."

"आहे गं, कुठे जात नाही," मी म्हणालो आणि पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं.

बायको स्वयंपाकघरातून आली. "राहू दे ती डिस्क," ती हळूच म्हणाली. "मला नकोय."

"मला हवीय," मी म्हणालो. "पूर्ण कर म्हणालो तुला, आणि नंतर एकदाही विचारलं नाही."

ती मोबाईलचा टॉर्च लावून माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात वाकून बघू लागली. "अरे, ही वायर अशी तिरकीच असते का?"

आमच्या मूळ डिस्कची वायर अर्धी निसटली होती. जुनी ओढताना माझाच हात लागला असणार. वायर नीट दाबली, मशीन सुरू झालं. आधी प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घेतला. मुलीचा चेहरा तेव्हा कुठे खुलला.

मग निळ्या स्क्रीनचं कोडंही उलगडलं. जुन्या डिस्कवर माहेरच्या कॉम्प्युटरचं जुनं विंडोज होतं आणि मशीन आधी तेच चालवायला जात होतं. डिस्क पुन्हा जोडली, सेटिंगमध्ये शिरून डिस्क सुरू होण्याचा क्रम बदलला. बायकोने स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं, "आपली पहिली, माझी दुसरी. हं, आता कर."

मशीन सुरळीत सुरू झालं. जुन्या डिस्कवर प्रबंधाचे तीन फोल्डर : 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरंच फायनल'. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

मराठी वाचताना आमची मुलगी अडखळते. प्रबंध मात्र इंग्रजीत होता. ती खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने वाचू लागली. गवतांची लॅटिन नावं आली की ती गडबडायची आणि आई स्क्रीनकडे न बघताच उच्चार सुधारून द्यायची. एका फोटोत गवताच्या तुऱ्याशेजारी पट्टी धरलेला हात होता, नखांत माती.

"इज दॅट यू?"

"मीच."

"अँड द लास्ट चॅप्टर?"

"लिहिलंच नाही."

"व्हाय?"

मी चहाचे कप घेऊन दारातच थांबलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. "वाटलं, वेळ आहे अजून," एवढंच ती म्हणाली. "वाच पुढे."

आता शनिवारी सकाळी दोन तास कॉम्प्युटर तिचा असतो. पदवीची मुदत केव्हाच संपली, हे तिलाही माहीत आहे. परवा तिने आपल्या जुन्या गाइड बाईंचा पत्ता शोधून त्यांना मेल पाठवली. बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही. प्रकरणाची मात्र सहा पानं झाली आहेत.