फडताळातली लिंबं

मोरोक्कोबाईंनी तिकडे एका गालिचेवाल्याशी लग्न केलं, पुढे त्याला कंटाळल्या आणि पोटगी म्हणून टोकदार झाकणांची मातीची भांडी उचलून माहेरी आल्या, ही बातमी आमच्या गल्लीत इतकी पक्की झाली होती की काही जणींना त्या गालिचेवाल्याच्या मिशासुद्धा पाठ होत्या. खरं सांगायचं तर गालिचेवाला नव्हता, मिशा नव्हत्या आणि लग्न तर मुळीच नव्हतं. बाई परदेशात एका मोरोक्कन दंतवैद्य जोडप्याकडे स्वयंपाकाला होत्या. नवरा-बायको दिवसभर लोकांचे दात उपटायचे आणि घरी आले की त्याच जोमाने जेवायचे. त्यातल्या बायकोच्या आईने बाईंना हाताला धरून सगळं शिकवलं. पुढे म्हातारी गेली, जोडपं मुलाकडे राहायला गेलं आणि भांडी बाईंना भेट म्हणून मिळाली. पण गल्लीला एवढ्यावर भागवणं कसं जमणार?

माहेरी म्हणजे थोरल्या भावाकडे, दादांकडे. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती. बाईंनी तिथे सहा टेबलं मांडली, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ घातले आणि हॉटेल थाटलं. तेही साधंसुधं नव्हे. एकेक पदार्थ सावकाश येणार, ताट परातीएवढं, आणि त्याच्या मधोमध अन्न म्हणजे जेमतेम मूठभर. मेनूकार्ड नाही. सकाळी बाजारात आसपासच्या मळ्यांतून जे आलं असेल तेच संध्याकाळी शिजणार. ऑलिव्ह आपल्याकडे कुठले पिकायला, म्हणून बाई कच्ची बोरं मिठात घालून ठेवायच्या. हिरवे हरभरे वाटून त्यांचा हमस करायच्या, रवा तळहातावर वळून कुसकुस करायच्या. पण जीव म्हणाल तर त्या फडताळातल्या लिंबांत. चार फाका करून मिठाने ठासून भरलेली, बरणीत महिना-महिना पडलेली लिंबं. मासा असो की गाजर, त्या टोकदार झाकणाच्या भांड्यात, म्हणजे ताजीनमध्ये, याच लिंबाची साल पडायची.

दादांनी म्हणे बहिणीच्या हातचा घास कधी चाखला नव्हता, पण त्यांचं मत मात्र तयार होतं. गिऱ्हाइकांच्या देखत विचारायचे, "धाकटे, हे ताट वाढलंयस की नुसतं पुसलंयस?" वर त्यांना रक्तदाब. वहिनी घरात सगळं अळणी शिजवायच्या आणि मिठाची बरणी स्वतःच्या उशाशी ठेवायच्या. दुपारच्या वामकुक्षीतून उठून दादा घरातल्या घरात अनवाणी चक्करही मारायला लागले होते, तब्येतीसाठी म्हणे. तरी दाब काही उतरेना. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मग पुन्हा बदलल्या, शेवटी वहिनींकडेच संशयाने बघायला लागले.

अशात नाक्यावरच्या चष्मेवाल्याने त्या खोलीसाठी शब्द टाकला. दादा विरघळले. बहिणीला सरळ नाही म्हणायची लाज, म्हणून त्यांनी तोडगा काढला. एका संध्याकाळी मी गिऱ्हाईक म्हणून बसतो, चष्मेवालाही बसेल. जेवण मनाला आलं तर खोली तुझी, नाही आलं तर त्याची. बाई हो म्हणाल्या, पण रात्रभर कूस बदलत राहिल्या. ही खोली गेली तर या वयात पुन्हा परक्या घरी जाऊन दुसऱ्याच्या चुलीपुढे उभं राहायचं होतं.

त्या दिवशी बाजारात तळ्यातला ताजा मासा आणि कोवळी गाजरं मिळाली. बाई खूश. घरी येऊन फडताळ उघडलं, जुनी बरणी खाली काढली, तर आत नुसतं खारं पाणी आणि चार बिया. वहिनी म्हणाल्या, मांजर असेल. बाई म्हणाल्या, झाकण फिरवून पुन्हा घट्ट लावणारं मांजर असेल तर त्याला कामावरच ठेवते. मग भांडी घासणारीवर डोळे वटारून झाले, तिने आपल्या तीन पोरांच्या शपथा घेऊन झाल्या. शेवटी इलाज नव्हता. मागच्याच आठवड्यात भरलेली दुसरी बरणी होती, त्यातली लिंबं घेतली आणि ताजीन मंद निखाऱ्यांवर चढवली.

संध्याकाळी दादा इस्त्रीचा सदरा घालून बसले. चष्मेवाला शेजारी. तो ताटाकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघत होता, आरसा कुठे लावायचा याचा अंदाज घेत. हमस आला, दादांनी ताट पुसून संपवला. कुसकुस आला, तोही संपला. चष्मेवाल्याचा भिंतीवरचा डोळा तोवर ताटात उतरला होता. मग बाईंनी ताजीन आणली, झाकण उचललं, वाफ निघाली. दाराशी वहिनी हातात डाव घेऊन उभ्या होत्या.

दादांनी एक घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चघळला आणि मान हलवली. नकारार्थी.

"लिंबू कच्चं आहे," दादा म्हणाले. "याला धार आहे अजून. मुरलेल्याची साल कशी जिभेवर लोण्यासारखी विरघळते, आणि मग मागून नाकात फुलासारखा वास येतो. हे ते नव्हे."

चष्मेवाला घास तोंडात धरून थांबला. वहिनींनी डाव शांतपणे बाजूला ठेवला.

"तुम्हाला हो काय माहीत, मुरल्यावर कशी लागतात ती?" त्यांनी विचारलं.

दादा म्हणाले, ऐकलंय. कुणाकडून, तर लोकांकडून. कुठल्या लोकांकडून, तर आठवत नाही. मग म्हणाले की एकदाच, नासलंय का बघायला, जबाबदारी म्हणून घेतलं होतं. वहिनींनी रिकामी बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं की ही सगळी जबाबदारी एकट्यानेच पार पाडली का. दुपारची वामकुक्षी, ती अनवाणी पायांनी मारलेली चक्कर, न उतरणारा रक्तदाब, सगळ्याचा उलगडा तिथल्या तिथे झाला. हसता हसता चष्मेवाल्याला ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला की खोलीचं राहू द्या, पण ही नवी लिंबं मुरून तयार झाली की मला बोलावणं पाठवा.

फडताळाची किल्ली वहिनींच्या कमरेला गेली. दादांनी घसा खाकरला. खोली तुझ्याकडेच राहू दे म्हणाले, पण मान खाली घालून थोडेच म्हणणार? वर ऐकवलंच, की याचा अर्थ मला तुझं जेवण आवडलं असा मुळीच काढू नकोस.

बाई ताजीन त्यांच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "नको आवडू दे, दादा. फक्त यापुढे जे आवडत नाही ते टेबलावर बसून खा, फडताळापाशी उभ्याने नको."